वाटीखालच्या चिठ्ठ्या

ट्रेमध्ये एकोणीस नाणी होती. ब्रिटिश काळातले रुपये अकरा, त्यांतले सात व्हिक्टोरिया राणीचे आणि चार पंचम जॉर्जचे. निजामाचे रुपये तीन. अर्धे रुपये दोन. एक पोर्तुगीज रुपया, एक जपानी येन आणि शेवटच्या खणात अमेरिकेचा एक चांदीचा डॉलर, १८९० सालचा. टेबलावर दोन दिवे, दोन भिंगं, दोन पेन्सिली आणि दोन स्टीलच्या वाट्या, पालथ्या घातलेल्या. टेबलाच्या एका बाजूला हिवरकर काकाजी, समोर मी, आणि दाराजवळच्या बाकावर मांडीवर पर्स धरून बसलेल्या सत्वशीला शिरसाट. डॉलर त्यांचा होता. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत.

"मी इथे बसले तर चालेल ना?" त्यांनी विचारलं.

एरवी लोक नाणी ठेवून जायचे आणि आठवड्याने यायचे. काकाजी म्हणाले, बसा, पण आम्ही काम करताना बोलत नाही, तुम्हाला कंटाळा येईल.

"तीस वर्षं नाइट ड्यूटी केली आहे भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "कंटाळ्याचं मला सांगू नका."

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. खामगावच्या चांदीच्या बाजारामागे, एका चांदीच्या दुकानाच्या माडीवर, नाणेसंग्राहक मंडळाची खोली होती. लोक जुनी नाणी घेऊन यायचे आणि आम्ही त्यांना ग्रेड द्यायचो, म्हणजे नाणं किती झिजलं आहे ते आकड्यात सांगायचो. एक ते सत्तर. साठ आणि त्यावर म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर बाजारात कधी न फिरलेलं. पन्नाशीच्या पुढे म्हणजे जवळजवळ न वापरलेलं. तिशी-चाळिशीत म्हणजे बरीच वर्षं हातोहात गेलेलं. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून नोकरी शोधत होते आणि तोवर म्हणून इथे आले होते. त्या 'तोवर'ला आठ महिने झाले होते. काकाजी तीस वर्षं हे काम करत होते. त्यांची सही असली की नागपूरचे व्यापारी नाणं पाकिटातून काढूनही बघत नसत. मला ते नावाने कधी हाक मारायचे नाहीत. "काय सायन्स," म्हणायचे, "आज उशीर?"

प्रत्येकाला आपल्या नाण्याची ग्रेड वरची हवी असते. लोक बोलता बोलता आजोबांचं नाव काढतात, नाणं किती जपून ठेवलं होतं ते सांगतात. सिस्टरनी यातलं काही केलं नव्हतं. कापसात गुंडाळलेला डॉलर काढून त्यांनी काकाजींच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे नाणं वापरलेलं आहे की नाही, एवढंच मला लेखी द्या." कुठून आलं, असं काकाजींनी विचारलं तर त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "पेशंटची हकीकत आधी सांगितली की डॉक्टर तेच शोधत बसतो. तुम्ही आधी तपासा. हकीकत मग."

ती हकीकत आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. पण मी ती इथेच सांगते, कारण त्या बाकावर बसून सिस्टर कशाची वाट पाहत होत्या ते त्याशिवाय समजणार नाही.

त्यांचे वडील याकोबराव शिरसाट शेजारच्या तालुक्यातल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथे एक अमेरिकन डॉक्टरीणबाई होत्या. बाईंचा जन्म १८९० चा. त्या जन्मल्या त्या वर्षी त्यांच्या वडिलांनी एक नवाकोरा डॉलर आणून निळ्या डबीत ठेवला होता. ती डबी बाईंनी जन्मभर बरोबर ठेवली. डॉलर डबीतून बाहेर काढत नसत, फक्त नाताळात झाकण उघडून पोरांना दाखवत. १९४८ साली बाई कायमच्या मायदेशी निघाल्या. सामान बांधताना डबी सापडली, आत डॉलर नव्हता. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत. पण पुढे बोटीवरून त्यांचं पत्र आलं, की कुठे सापडला तर कळवा. त्याच सुमाराला याकोबरावांच्या घरी एक डॉलर असल्याची गोष्ट फुटली. याकोबराव म्हणाले, तो बाईंनी मला जाताना त्यांच्या पाकिटातून काढून दिला, साधा खर्चायचा डॉलर आहे. बाकी सगळ्यांना बाईंनी शाली दिल्या होत्या. यालाच डॉलर का, याला कोणाकडे उत्तर नव्हतं. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या याकोबरावांकडून काढून घेतल्या गेल्या आणि ते निवृत्तीपर्यंत केसपेपर लिहिण्याच्या खिडकीवर बसले. तो डॉलर त्यांनी विकला नाही, कोणाला दाखवलाही नाही. वारले तेव्हा ट्रंकेत पत्र्याच्या डब्यात, कापसात सापडला. वर साल होतं १८९०.

साल जुळलं म्हणून काही सिद्ध होत नव्हतं. त्या वर्षी असे दीड कोटीहून जास्त डॉलर पाडले होते. पण डबीतला डॉलर कधीच वापरलेला नव्हता आणि पाकिटातला वापरलेला असणार होता. बाईंच्या भावाची नात रविवारी दवाखान्याच्या शंभर वर्षांच्या कार्यक्रमाला अमेरिकेहून येणार होती. डॉलर डबीतला असेल तर तो तिला परत द्यायचा, आणि कोणासमोर द्यायचा हेसुद्धा सिस्टरनी ठरवलं होतं. सर्वांसमोर. म्हणजे आमच्याकडे आलेल्या सगळ्या माणसांमध्ये सिस्टर एकट्याच अशा होत्या, की ज्यांना ग्रेड खालची यायला हवी होती. आणि त्यांनी ते आमच्यापासून लपवलं, आम्ही खरं सांगावं म्हणून.

आमची पद्धत अशी होती. आधी काकाजी नाणं बघायचे आणि काही न लिहिता ट्रेमध्ये परत ठेवायचे. मग मी बघायचे. मग दोघं आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहून वाटीखाली सरकवायचो आणि वाट्या एकदमच उचलायचो. दोन आकड्यांमधला कमी असेल तो सर्टिफिकेटवर जायचा. पाचाहून जास्त फरक आला तर पुन्हा पाहायचं, असा नियम होता. पहिल्या महिन्यात तो सारखा लागू पडायचा. नंतरच्या सात महिन्यांत एकदाही लागू पडला नाही. मंडळाच्या सभेत अध्यक्षांनी त्यावरून आमचं कौतुक केलं होतं. म्हणाले, दोन माणसं, चार डोळे, पण नजर एकच. काकाजी तेव्हा टाळ्या थांबेपर्यंत खाली बघत बसले होते.

त्या दिवशी अठरा नाणी नेहमीसारखी झाली. मग काकाजींनी डॉलर घेतला. भिंग लावून चेहऱ्याची बाजू पाहिली, गरुडाची बाजू पाहिली, अंगठ्याच्या नखाने कड चाचपली आणि दोन्ही हातांनी तो ट्रेमध्ये परत ठेवला.

मी घेतला. या डॉलरवर एका स्त्रीचा चेहरा असतो, डावीकडे वळलेला. तिच्या कानावरचे केस हा नाण्याचा सर्वांत उंच भाग. झीज आधी तिथे होते. इथे ते केस सपाट होते. पण सपाट केसांना दुसरंही कारण असू शकतं. त्या वर्षीच्या पुष्कळ डॉलरांवर ठसाच हलका बसलेला आहे, म्हणजे केस मुळातच उमटलेले नाहीत. झिजून गेलेले केस आणि कधी न उमटलेले केस वरवर सारखेच दिसतात. मी नाणं दिव्याखाली फिरवत राहिले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. सिस्टर हलल्या नाहीत. सहा-सात मिनिटं तरी गेली असतील. मग मी लिहिलं. काकाजींनीही लिहिलं.

वाट्या उचलल्या. माझ्या चिठ्ठीवर ५५, त्यांच्या चिठ्ठीवर ५८.

काकाजींनी सिस्टरना आकड्याचा अर्थ सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हे खिशात कधी फिरलं नाही?"

"खिशात नाही. फार तर कोणी दोन-चारदा हाताळलं असेल."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी डॉलर कापसात गुंडाळला, सर्टिफिकेट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश खाली गेल्या. काकाजी म्हणाले, पन्नाशीच्या वर आलं तरी बाईच्या तोंडावर आनंद नाही, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी कुलूप काढत होते तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांच्याकडे एक नवीन निळी डबी होती आणि एक कागद. इंग्रजी पत्र होतं. "शुद्धलेखन तेवढं बघ बेटा," त्या म्हणाल्या. "बाकी एक शब्द बदलू नकोस."

मी वाचत होते तेव्हा काकाजी वर आले. काय आहे म्हणाले. चष्मा घरी राहिला, तूच वाच. मी मराठीत अर्थ सांगत वाचलं. चार ओळी होत्या. हा डॉलर तुमच्या घराण्याचा आहे. माझे वडील याकोब शिरसाट यांनी तो सत्तर वर्षांपूर्वी घेतला. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला ही आमची चूक. मी त्यांच्या वतीने क्षमा मागते.

मग सिस्टरनी हकीकत सांगितली, मी वर सांगितली ती. आवाज न चढवता, ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला सांगावं तशी. शेवटी म्हणाल्या, "बाबा शेवटी तीन महिने अंथरुणावर होते. सगळं मीच करत होते. एकदा म्हणाले, सत्वशीला, तू तरी मला विचारलं नाहीस. मी म्हटलं, विचारायची गरज नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं."

 सिस्टरनी पत्र परत घेतलं.

"तुम्ही दोघांनी वेगवेगळं पाहिलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न आम्हाला रोज कोणी ना कोणी विचारायचं आणि काकाजी लगेच हो म्हणायचे. वाट्या दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी वाट्यांकडे हात नेला नाही.

"नाही," मी म्हटलं.

काकाजींनी माझ्याकडे मान वळवली.

"मी काकाजींचे हात पाहिले होते," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगून टाकलं. पहिल्या महिन्यात माझे आकडे काकाजींपेक्षा दहा-पंधराने चुकायचे. दर वेळी पुन्हा पाहायला लागायचं आणि दर वेळी मीच चूक ठरायचे. मग माझ्या लक्षात आलं, की झिजलेलं नाणं काकाजी एका हाताने ट्रेमध्ये टाकतात आणि चांगलं असेल तर दोन्ही हातांनी ठेवतात. मधल्यांसाठीही खुणा होत्या, श्वासाच्या, भिंगाच्या. मी त्या शिकले. मला वाटायचं, मी अनुभवी माणसाकडून शिकते आहे. कॉलेजात आमच्या जर्नलमध्ये दोघींची रीडिंगं फार जुळली की मॅडम विचारायच्या, कोणाची कोणी उतरवली. इथे सात महिने रीडिंगं जुळत होती आणि मला ते कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"काल केस सपाट दिसले तेव्हा मला चाळीसच्या खालचं वाटलं होतं," मी म्हटलं. "पण तुम्ही दोन्ही हातांनी ठेवलं होतं. म्हणून मी ठसा हलका आहे असं धरलं."

 काकाजींनी आपले हात टेबलावर ठेवले होते आणि त्यांच्याकडे बघत होते, किंवा मला तसं वाटलं.

"ते मी नाण्यासाठी नव्हतं तसं ठेवलं," ते म्हणाले. "सिस्टरनी कापसातून काढून हातावर दिलं. कोणाची तरी आठवण आहे एवढं कळलं. टाकवेना."

मग म्हणाले, "आणि मी तुझा वेळ मोजतो, सायन्स."

मला कळलं नाही.

"झिजकं नाणं तू पटकन खाली ठेवतेस. चांगलं असलं की फिरवत बसतेस. किती वेळ फिरवतेस त्यावरून मी लिहितो. दिवाळीपासून तसंच चाललं आहे. काल तू फार वेळ घेतलास."

"कारण मला कळत नव्हतं."

"मला वाटलं, फारच चांगलं आहे."

सिस्टर बाकावरून उठल्या. खुर्ची ओढून काकाजींच्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्यांचा आवाज बदलला होता. "भाऊ, माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. काय दिसतं?"

"कान दिसतात," काकाजी म्हणाले. "कानातली कुडी दिसते. पदराचा काठ हिरवा आहे."

"आणि नाक?"

"नाक नाही."

"कोणाला दाखवलं?"

अकोल्याला दाखवलं होतं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेला आहे, तो परत येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाण्याची कड दिसायची, कडेची अक्षरं दिसायची. मधला चेहरा दिसत नव्हता. घरी सांगितलं का, असं सिस्टरनी विचारलं. काकाजी म्हणाले, घरी कळलं तर इथे येऊ देणार नाहीत. "आणि इथे आलो नाही तर दिवसभर कुठे बसू, सिस्टर?"

 सिस्टरनी काकाजींच्या हातावर आपला हात क्षणभर ठेवला आणि उठल्या. त्यांनी डबी उघडून डॉलर माझ्यापुढे ठेवला. बघ, म्हणाल्या.

मी दिवा जवळ घेतला. नव्या नाण्यावर प्रकाश फिरवला की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. हलक्या ठशाच्या सपाट भागावरूनही ती तशीच फिरते, कारण तिथली चांदी जागच्या जागी असते, फक्त उठलेली नसते. इथे कानावरच्या भागावर आली की झळाळी थांबत होती. तिथे राखाडी होतं. गालावर राखाडी होतं. गरुडाच्या छातीवरची पिसं गुळगुळीत होती आणि तिथेही राखाडी होतं. हे सगळं कालही तिथेच होतं. काल मी झळाळीकडे पाहिलंच नव्हतं. मी वाटी वापरली नाही. कागदावर ३५ लिहिलं आणि सिस्टरपुढे केलं.

सिस्टरनी आकडा पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं, पण लगेच थांबलं.

"काल पंचावन्न," त्या म्हणाल्या. "आज माझं रडगाणं ऐकल्यावर पस्तीस."

"मी खरं सांगते आहे."

"तू खरंच सांगत असशील बेटा. पण मला ते कसं कळणार? पेशंटची आई समोर रडत असली की टेम्परेचर एक पॉइंट कमी सांगावंसं वाटतं. मी सांगितलंही आहे. वाईट मनाने नाही सांगितलं." त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "हकीकत न सांगता आले होते ती यासाठीच."

त्यांचं बरोबर होतं. आता त्या खोलीत असा एकही डोळा नव्हता, ज्याला सिस्टरना काय हवं आहे ते माहीत नव्हतं, काकाजींचे धरून. दुसऱ्या कोणाकडे पाठवायचं तर रविवार परवावर आला होता.

"पत्र असंच द्यावं लागेल," सिस्टर म्हणाल्या आणि डॉलर उचलायला हात पुढे केला.

तेव्हा मला सुचलं. इतकी साधी गोष्ट आठ महिने शिकलेल्या आणि फिजिक्स केलेल्या माणसाला इतक्या उशिरा सुचावी याची मला अजून लाज वाटते. ठसा हलका बसला तर नाण्याची चांदी कुठेही जात नाही. नाणं झिजलं तर ती जाते. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतील, काट्याला दिसणार नाहीत.

आम्ही नाण्यांचं वजन करत नसू. नाणं खोटं असल्याचा संशय आला तरच करायचो. वजन सराफाने करावं, ग्रेड डोळ्याने द्यावी, असं काकाजींचं म्हणणं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा. खाली काटा आहे."

पण जाण्याआधी मी एक कागद घेतला. नवीन डॉलरचं वजन किती असतं ते मंडळाच्या पुस्तकात होतं. मी ते सिस्टरना दाखवलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं: टांकसाळीतून निघताना २६.७३ ग्रॅम. टांकसाळ कमीजास्त चालवून घ्यायची ते जास्तीत जास्त ०.१० ग्रॅम. म्हणजे २६.६३ किंवा वर भरलं तर हा डॉलर न फिरलेला असू शकतो. २६.५० च्याही खाली गेलं तर तो पुष्कळ वर्षं लोकांच्या हातांतून फिरलेला आहे, आणि कापसात, डब्यात, डबीत पडून नाणं झिजत नाही. खाली मी सही केली. सिस्टरनी दोनदा वाचलं.

"वर भरलं तर?" मी विचारलं.

"तर पत्र आहे तसंच द्यायचं," त्या म्हणाल्या. "आणि मला समजवायला कोणी यायचं नाही."

काकाजींनी कालचं सर्टिफिकेट मागितलं. सिस्टरनी पर्समधून काढून दिलं. काकाजींनी त्याच्या चार घड्या केल्या, कडा जुळल्या का ते बोटाने पाहिलं आणि खिशात ठेवलं. मग मला म्हणाले, की वजन काहीही येवो, सोमवारी अध्यक्षांना मी स्वतः सांगेन. "दिवाळीपासूनची वही काढून ठेव. सगळी नाणी परत बोलवावी लागतील. आणि एक वाटी कपाटात ठेव."

"मग दुसऱ्या खुर्चीवर कोण बसणार?"

"जो तुझ्याकडे बघणार नाही असा कोणी शोध. आणि तू पण भिंतीकडे तोंड करून बस."

जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. याआधी ते कधी तसे उतरले नव्हते. मला वाटायचं ते सावकाश उतरतात ते वयामुळे.

खाली चांदीच्या दुकानात काट्यावर प्रल्हादभाऊ होते. पायपट्ट्यांचा ढीग समोर होता. काकाजींनी त्यांना एवढंच सांगितलं, की एक नाणं मोजून दे, आकडा मोठ्याने वाच आणि काही विचारू नको.

"तुमच्या डोळ्यांनी नाई जमत का आता, काकाजी?" प्रल्हादभाऊ हसत म्हणाले. "काट्यापर्यंत आले."

"नाही जमत," काकाजी म्हणाले.

प्रल्हादभाऊंचं हसू थांबलं. त्यांनी पायपट्ट्या बाजूला केल्या, काटा पुसला आणि काचेचं झाकण खाली केलं. मी वीस ग्रॅमचं प्रमाण वजन आधी ठेवायला सांगितलं. ते २०.०० दाखवत होतं. सिस्टरनी कापूस उलगडला आणि डॉलर स्वतःच्या हाताने काट्यावर ठेवला. मग हात मागे घेऊन पर्सच्या पट्ट्याला धरून उभ्या राहिल्या. काकाजी त्यांच्या शेजारी उभे होते, थोडे तिरके, कडेने बघत. मी कागद धरला होता.

तीन वेळा मोजायचं असं मी आधीच सांगितलं होतं. दर वेळी नाणं काढून, काटा शून्यावर आणून.

प्रल्हादभाऊंनी वाचलं आणि मी लिहिलं. २६.३६. २६.३६. २६.३५.